आठ महिने ‘आर’ वापरल्यावर: माझा आडवा अक्ष गेला कुठे?

आर म्हणजे आकडेमोडीचं आणि आलेख काढायचं, कमांड टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर; ते कुठून डाऊनलोड करायचं, हे सांगत बसत नाही. पैसे पडत नाहीत म्हणून घेतलं. सात महिने इतकं सुरळीत चाललं की पाचपैकी पाच तारे दिले असते. मग एका आलेखाचा आडवा अक्ष गायब झाला आणि त्यात माझ्या दोन रात्री गेल्या.

विजेच्या मीटरचं २०२५ चं रोजचं रीडिंग होतं. रेघ छान आली, पण खाली मला महिन्यांची पूर्ण नावं हवी होती. म्हणून आलेख काढणाऱ्या ‘प्लॉट’ कमांडमध्ये ‘एक्सएएक्सटी’ या सेटिंगला ‘एन’ देऊन आयता अक्ष बंद केला आणि पुढच्या ओळीत अक्ष काढणाऱ्या ‘ॲक्सिस’ला सांगितलं, १ ते १२ या जागांवर बारा नावं टाक. एंटर दाबलं. रेघ नाही, खुणा नाहीत, नावं नाहीत. बरं, एरर तरी? तीही नाही! साधी वॉर्निंगसुद्धा नाही. कर्सर आपला पुढच्या ओळीवर शहाण्यासारखा लुकलुकतोय.

खालची मार्जिन वाढवली, खिडकी ताणली, शेवटी आर काढून पुन्हा टाकलं (हसू नका). तिसऱ्या दिवशी सहज पहिल्या तारखेवर ‘ॲझ डॉट न्यूमेरिक’ (म्हणजे तिचा आकडा दाखव) चालवलं, तर उत्तर आलं २००८९. तेव्हा ट्यूब पेटली. आरच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस. मी दिलेल्या १ ते १२ या जागा म्हणजे २ ते १३ जानेवारी १९७०! मी खुणा मागत होतो आलेखाच्या पंचावन्न वर्षं डावीकडे. ओळीने तारखा बनवणाऱ्या ‘सेक’ने १ जानेवारी २०२५ पासून ‘बाय मंथ’, म्हणजे दर महिन्याची एक, अशा बारा तारखा बनवून ‘ॲक्सिस’मध्ये खुणांच्या जागा घेणाऱ्या ‘ॲट’ला दिल्या, आणि अक्ष हजर.

म्हणजे चूक माझीच. इथपर्यंत लिहून मी अर्धा तारा परत द्यायला निघालो होतो. तेवढ्यात आलेखाची पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, सेव्ह करून उघडली. जानेवारी आहे, फेब्रुवारी नाही! आणखीही काही महिने गुल. स्क्रीनवर खिडकी मोठी होती तेव्हा बाराच्या बारा दिसत होते. माप सांगितलं नाही तर पीएनजी ४८० बाय ४८० पिक्सेलची बनते, तेवढ्यात नावं एकमेकांवर चढायला लागली की आर मधली गाळतं. हेल्पमध्ये लिहिलंय तसं, मान्य. नावं एकमेकांवर छापण्यापेक्षा गाळलेली बरी, हेही मान्य. पण गाळताना चकार शब्द काढायचा नाही, ही कुठली रीत? इतर वेळी तर बारीकसारीक गोष्टींवर वॉर्निंगांचा पाऊस असतो.

यावर नावांची दिशा ठरवणाऱ्या ‘एलएएस’ला २ दिलं, नावं उभी झाली. मग सप्टेंबर खाली अक्षाच्या शीर्षकात घुसला. ‘एक्सलॅब’ (म्हणजे ते शीर्षक) रिकामं केलं, ‘मार’मधला (म्हणजे मार्जिनमधला) पहिला, खालच्या बाजूचा आकडा ५.१ वरून ७ केला. हे प्लॉटच्या आधी करायचं बरं का, नंतर केलं तर काढून झालेल्या चित्राला ढिम्म फरक पडत नाही. पीएनजीची रुंदीही आता मी स्वतः देतो.

जीजीप्लॉटवाले (आरमध्येच आलेख काढायचं वेगळं पॅकेज वापरणारे) म्हणतील, आमच्याकडे ये. येईन, पण मीटरच्या एका रेघेसाठी नवीन व्याकरण शिकायचा सध्या उत्साह नाही.

तारे साडेतीन. आकडेमोडीसाठी पाच दिले असते. दीड कापला तो फेब्रुवारी न विचारता गाळल्याबद्दल.