ग्रो बॅग, शेडनेट आणि उन्हाळी झाडे : नागपूरच्या गच्चीवर पाच महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीसाठी १५ बाय १५ इंचाच्या २४ ग्रो बॅग (झाडे लावायच्या प्लास्टिकच्या पिशव्या), ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट, टायमर असलेला ठिबक संच आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पाच-पाच किलोच्या चार विटा असे साधारण साडेसात हजार रुपयांचे साहित्य मागवले. अशा वस्तूंवरचे बहुतेक अभिप्राय पार्सल उघडल्याच्या आठवड्यातच लिहिलेले असतात आणि नागपूरच्या मे महिन्याबद्दल ते काहीच सांगू शकत नाहीत, म्हणून मी नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) आणि नंतरचे पहिले पाऊस होईपर्यंत मुद्दाम थांबलो. आता जुलै अर्धा सरला आहे, नेट उतरवून घडी घातली आहे आणि कशाने साथ दिली व कशाने दगा दिला हे पुरेसे स्पष्ट झाले आहे.

सर्वांत मोठी चूक शेडनेटच्या बाबतीत झाली. बांबू उभे करून मी ती संपूर्ण गच्चीवर ताणली आणि काम फत्ते झाले असे समजलो. महिन्याभरात भेंडीची रोपे उंच आणि लुकडी झाली, दोन पेरांमधले अंतर वाढले, कळ्या दिसेनात, आणि एवढे करूनही दुपारी पाने माना टाकतच होती. पाणी वाढवून पाहिले, तरी फरक पडला नाही. एप्रिलच्या आरंभी काटोलकडे संत्र्याची बाग असलेले माझे सासरे आले होते. त्यांनी पश्चिमेकडच्या एका बॅगेच्या कडेला मातीत बोटे खुपसली आणि लगेच बाहेर काढली. "पानाले सावली देऊन काय फायदा? इथं मुया जयून राह्यल्या," एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी त्याच जागी थर्मामीटर खोचला तेव्हा पारा ४५ अंशांवर गेला. तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवलेली आणि चारही बाजूंनी ऊन खाणारी प्लास्टिकची पिशवी म्हणजे झाडाच्या मुळांसाठी भट्टीच असते, हे माझ्या तोवर लक्षात आले नव्हते.

त्यानंतर प्रत्येक बॅग विटांवर उचलली, बाहेरून जुना बारदाना गुंडाळला, एकीची सावली दुसरीवर पडेल अशा बॅगा जवळजवळ सरकवल्या आणि वरच्या मातीवर दोन इंच कुटार (भुसा) पसरले. आठवड्यानंतर त्याच वेळी त्याच बॅगेत ३७ अंश तापमान होते, आणि बारदान्यासाठी मला एक रुपयाही खर्च आला नव्हता. नेट डोक्यावरून काढून पश्चिमेच्या बाजूला पडद्यासारखी उभी टांगली, म्हणजे दुपारी दोननंतरचे तिरपे ऊन अडते आणि सकाळचे पूर्ण मिळते. भेंडीला पंधरा दिवसांत कळ्या धरल्या. मात्र चारही कोपरे तारेने आवळून बांधल्यामुळे मेमधल्या एका वादळात ही नेट शिडासारखी फुगली आणि दोन बांबू मोडून घेऊन गेली. तेव्हापासून खालची कड मी साध्या सुतळीने बांधतो, म्हणजे वाऱ्याने तुटायचीच तर सुतळी तुटते.

मातीत मी एक भाग काळी माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट घेतले होते. कोकोपीट दोनदा धुऊन घेतले, कारण त्यात मिठाचा अंश असू शकतो. काळ्या मातीचे प्रमाण पुढच्या वेळी निम्मे करणार आहे. ती सुकली की आकसून बॅगेच्या कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि गच्ची ओली दिसत असताना मुळांजवळचा गोळा मात्र कोरडाच राहतो. भरलेली ओली बॅग ३५ ते ४० किलोंची होते, त्यामुळे सगळ्या बॅगा भिंतीलगत, तुळईवर येतील अशाच ठेवल्या आहेत.

ठिबक संचाची जोडणी सोपी आहे आणि टायमरने एकदाही दगा दिला नाही, तरीही मी त्याला पूर्ण गुण देणार नाही. आमच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यामुळे महिन्याभरात ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. आम्ही चार दिवस गावाला गेलो असताना असे तीन ड्रिपर बंद पडले आणि त्या तिन्ही बॅगांतली रोपे वाळून गेली. ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवले की मोकळे होतात, परंतु हे काम दर महिन्याला करावेच लागते. शिवाय काळी नळी आणि काळी टाकी उन्हात असल्यामुळे दुपारी नळीतून येणाऱ्या पाण्याखाली हात धरवत नाही, आणि संध्याकाळी सातलाही ते कोमटच असते. टायमर पहाटे सव्वापाचला लावल्यापासून पानांचा दुपारचा मलूलपणा बराच कमी झाला. आणखी एक प्रयोग अंगाशी आला : पाणी वाया जाऊ नये म्हणून कुलरच्या टाकीत उरलेले पाणी मी काही दिवस मोगऱ्याला घातले. कुलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे साचत जातात, हे पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्यावर सुचले. आता ते पाणी फक्त गच्ची धुण्यासाठी वापरतो.

भाज्यांमध्ये भेंडीसाठी 'परभणी क्रांती' हे वाण निवडले, कारण पाने पिवळी करणाऱ्या आणि पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या हळद्या रोगाला ते बऱ्यापैकी दाद देत नाही. बी रात्रभर भिजवून १८ फेब्रुवारीला लावले. नेटच्या प्रकारामुळे पहिला तोडा एप्रिल संपता संपता मिळाला, पण पुढे १६ झाडांवरून आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास भेंडी निघत राहिली. एक दिवसाआड तोडली नाही तर ती जून होते आणि झाडही नवीन कळ्या धरायला आळस करते. गवारीने काही म्हणजे काही मागितले नाही. नवतपातल्या दुपारीही तिची पाने ताठ होती. बरबटीच्या (चवळीच्या) कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि त्यामागून मुंग्या आल्या, तरी शेंगा भरपूर लागल्या.

दोडक्याने मात्र मला शिकवले. सुरुवातीला घोसांनी येणारी सगळी फुले नर होती. नंतर देठाशी बोटभर दोडका असलेली मादी फुलेही आली, पण ते इवलेसे दोडके पिवळे पडून गळायचे. मी रोज सकाळी ब्रश घेऊन परागीकरण करायला जात होतो आणि रोज मिटलेली फुले बघून परत येत होतो. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, आणि तेवढ्या उंचीवर त्या वेळी फारसे कीटक फिरकत नाहीत. साडेसहाच्या सुमारास नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे वळवल्या आणि ते मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवले, तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक दोडका टिकला.

टोमॅटो लावणे हा निव्वळ हट्ट होता. रोपे हिरवीगार राहिली, फुलेही आली, पण दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर सगळी फुले गळाली आणि सहा बॅगा दोन महिने अडकून पडल्या. सांबार (कोथिंबीर) नेटच्या सावलीत उगवला, पण चार बोटे वाढून लगेच फुलावर गेला. त्या जागी लाल माठ आणि अंबाडी पेरली असती तर शहाणपणाचे झाले असते. मेमध्ये माठाची एक बॅग पेरली, तर महिन्याच्या आत भाजी ताटात होती.

फुलझाडांच्या बाबतीत नर्सरीतला बहर पाहून भुलू नये. फेब्रुवारीत पेटुनिया आणि डायएन्थसची फुललेली रोपे हमखास विकायला असतात; मीही दहा घेतली आणि ती मार्चअखेर संपली, कारण तो त्यांच्या हंगामाचा शेवट होता. उलट चिनी गुलाब, ज्याला आमच्याकडे 'ऑफिस टाइम' म्हणतात, तो काडी खोचून लागला आणि जूनपर्यंत रोज ऊन चढताना फुलत राहिला. बटणफूल आणि झिनियाही चांगली टिकली. मोगरा मातीच्या कुंडीत आहे. फेब्रुवारीत छाटून, पाने ओरबाडून, आठ दिवस पाणी तोडून मग शेणखत दिले, आणि मार्चच्या शेवटी पहिल्या कळ्या आल्या. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून बाष्प होते, म्हणून ती थंड राहते आणि तिला बारदाना लागत नाही, पण दोन वेळ पाणी द्यावेच लागते. सदाफुली सगळ्या उन्हाळ्यात हसत होती आणि जूनच्या पावसात बॅगेची भोके मातीने बुजल्यामुळे मुळे कुजून गेली. हा दोष झाडाचा नाही, बॅगेचा आहे : चार भोके कमी पडतात, तळाशी आणखी चार पाडून घ्यावीत.

बॅगांची आजची स्थिती सांगायची तर बारदान्याखालचे प्लास्टिक नव्यासारखे आहे, उघड्या राहिलेल्या मुठींची शिवण मात्र उसवली आहे आणि दोन मुठी उचलताना हातात आल्या. मी पुन्हा याच मापाच्या बॅगा घेईन, पण हिरव्याऐवजी पांढऱ्या. नेट या मापाच्या निम्मीच पुरे. भेंडीची झाडे गेल्या रविवारी काढली, त्यांतली दोन तेवढी ठेवली आहेत. त्यांच्यावरच्या पाच शेंगा वाळून तडकायला आल्या आहेत, आणि पाऊस जरा उघडला की पुढच्या फेब्रुवारीसाठी बी काढून राखेत घालून ठेवायचे आहे.