एरिथ्रिटॉल आणि इसबगोल: काही महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या दिवशी मऊ असलेला केक दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकचतो. वस्तू महाग, त्यामुळे चीड जास्तच. ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) आणि साखर दोन्ही वगळून केलेल्या बेकिंगचा हा अनुभव आहे, आणि तक्रार जवळजवळ सगळी एरिथ्रिटॉलची, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या गोड पुडीची.

इसबगोलाबद्दल तक्रारच नाही. ग्लूटेनची लवचिकता ते बऱ्यापैकी भरून काढतं. ब्रेडसाठी 250 ग्रॅम ज्वारीचं पीठ, 150 ग्रॅम टॅपिओका स्टार्च, 20 ग्रॅम इसबगोलाची अख्खी भुशी (साल), 8 ग्रॅम मीठ, 7 ग्रॅम कोरडं यीस्ट आणि 420 मिली कोमट पाणी. इसबगोल आधी पाण्यात ढवळून पाच मिनिटं फुलू द्यायचं, मग पीठ घालायचं. थेट पिठावर पाणी ओतलं की गुठळ्या होतात. इसबगोलाची पूड असेल तर 15 ग्रॅम पुरे, नाहीतर ब्रेड रबरासारखा होतो. 220 अंशांवर तासभर भाजायचा आणि आतलं तापमान 97 अंश झालं की काढायचा. पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. स्टार्च सेट होण्याआधी कापलेला ब्रेड आतून चिकट लागतो आणि कच्चा राहिला असं वाटतं. काही इसबगोलामुळे ब्रेडचा आतला भाग जांभळट होतो. चवीत फरक पडत नाही.

आता एरिथ्रिटॉल. पाकिटावर साखरेइतकंच घ्या असं लिहिलेलं असतं, पण शुद्ध एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या 60 ते 70 टक्केच असते. म्हणून लोक प्रमाण वाढवतात आणि तिथेच बिघडतं. पाण्यात ते साखरेपेक्षा खूपच कमी विरघळतं. गरम केकमध्ये विरघळलेलं जास्तीचं एरिथ्रिटॉल गार होताना पुन्हा खडे धरतं. त्यातून तोंडात येणारा तो थंडावा व्हॅनिलाच्या केकमध्ये अगदी विचित्र लागतो. मिक्सरमधून पिठीसाखरेइतकं बारीक केल्याने ताज्या केकची कचकच जाते, दुसऱ्या दिवशीची जात नाही.

एवढ्यावर हे पाकीट पुन्हा आणू नये असंच मत होतं. ते बदललं, कारण प्रमाण उतरवल्यावर खडे जवळपास थांबले. 100 ग्रॅम साखरेच्या जागी 130–140 ग्रॅम एरिथ्रिटॉल घेण्याऐवजी 60 ग्रॅम घ्यायचं आणि उरलेली गोडी स्टीव्हियाच्या (गोड पानांच्या वनस्पतीच्या) शुद्ध अर्काने आणायची, तीही चिमटीचिमटीने चाखत, कारण स्टीव्हिया जास्त झाला की कडवट लागतो. कमी झालेलं वजन बदामाच्या पुडीने भरायचं. लिंबू, पुदिना, कोको यांच्यासोबत थंडावा खटकत नाही, उलट लिंबाच्या केकमध्ये तो आवडतो. रंग मात्र येत नाही. एरिथ्रिटॉल तपकिरी होत नाही, म्हणून रंगाची वाट पाहत केक वाळवू नका. सळई घालून तपासा. यीस्टलाही ते खाता येत नाही, त्यामुळे ब्रेडचं पीठ फुगायला जास्त वेळ द्यावा लागतो.

मधुमेह असेल तर ग्लूटेन नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. टॅपिओका आणि पांढऱ्या तांदळाचं पीठ रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात. वरच्या ब्रेडमध्ये टॅपिओका स्टार्च 80 ग्रॅमवर आणून हरभऱ्याचं पीठ 70 ग्रॅम घाला. ब्रेड थोडा भुसभुशीत होतो, चालतं. स्टीव्हियाच्या पाकिटांत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भर) असतं का तेही वाचा, कारण तेही साखर वाढवतं. सीलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर सोया सॉस आणि बेकिंग पावडरचं लेबल तपासा, दोन्हीत गहू असू शकतो. ‘ग्लूटेन-फ्री’ लेबलची मर्यादा 20 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 20 भाग ग्लूटेन, आहे. घरात गव्हाचं पीठ असेल तर चाळणी वेगळीच हवी, जाळीत अडकलेलं पीठ धुऊन पूर्ण निघत नाही.

एरिथ्रिटॉल जास्त खाल्लं की पोट बिघडू शकतं. 2023 मध्ये रक्तातलं त्याचं जास्त प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने कारण सिद्ध होत नाही, तरी हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी रोज वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

इसबगोल पुन्हा घेणार. एरिथ्रिटॉलही, पण लहान पाकीट.