कागद जर्मन, पाठ हार्डबोर्डाची

हाहनेम्युले या जर्मन कंपनीचा ‘फोटो रॅग ३०८’ हा कागद छायाचित्रं छापणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. कंपनी १५८४ पासूनची, कागद शंभर टक्के सुती, वजन चौरस मीटरला ३०८ ग्रॅम, पृष्ठभाग मॅट. कागद उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न असा की वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोव्यात तो किती टिकतो? तो टिकवणं कागदापेक्षा फ्रेमवाल्याच्या हातात जास्त आहे. त्यामुळे हे परीक्षण कागदापासून सुरू होत असलं तरी त्याचा बराच भाग फ्रेमच्या मागच्या बाजूला जाणार आहे. तिकडे कोणी बघत नाही, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो.

आधी कागद. हातात घेतला की जाड ड्रॉइंग पेपरसारखा लागतो, पण दाणा त्याहून बारीक. पांढरेपणा निळसर नसतो, किंचित उबदार असतो. गोव्याच्या देवळांतल्या कावीचं चित्र यावर छापून बघा. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो खरवडून काढलेली ती नक्षी. तांबडा रंग इथे चकाकत नाही आणि चुन्याचा पांढरा भाग कागदाच्या मूळ पांढऱ्यात मिसळून जातो. ग्लॉसी कागदावर हीच भिंत ऑइल पेंट मारल्यासारखी दिसते. चवथीला गणपतीवर टांगतात त्या रानफळांच्या माटोळीचंही तसंच. माट्टां, फागलां, आंबाडे, सुपारीचं शिप्टं यांचे हिरवे-पिवळे एकमेकांजवळचे रंग मॅटवर वेगवेगळे कळतात, कारण मधे चमक येत नाही.

शिरगावच्या लईराईच्या जत्रेतला होमकुंडाचा फोटो मात्र यावर छापू नका. पहाटेपूर्वीचा काळोख, निखारे, आणि त्यावरून जाणारे धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त. त्या चित्राचा जीव काळ्या रंगात आहे आणि मॅट कागदाचं काळं कधीच तितकं खोल जात नाही, करड्याकडे झुकतं. तिथे त्याच कंपनीचा फोटो रॅग बराइटा, ३१५ ग्रॅमचा, घ्यावा. तोही सुतीच, पण बेरियम सल्फेटचा थर असल्यामुळे त्याला चमक आणि खोली दोन्ही येते. माशेलच्या चिखलकाल्याबाबत, म्हणजे चिखलात खेळल्या जाणाऱ्या उत्सवाबाबत, निर्णय अवघड होतो: चिखलाचे तपकिरी रंग मॅटवर छान येतात, पण ओल्या पाठीवरची झळाळी विझून जाते. एका प्रदर्शनात दोन कागद मिसळायचे असतील तर वेगवेगळ्या भिंतींवर लावावेत. शेजारी शेजारी लावले तर मॅटचं चित्र धुतल्यासारखं वाटतं.

छापताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. मॅट कागदाला मॅट ब्लॅक शाई आणि बराइटाला फोटो ब्लॅक, ही निवड चुकली की मॅटवरचं काळं पार फिकं पडतं आणि बराइटावर शाई सुकत नाही, बोटाला येते. त्या कागदाचं आणि त्याच प्रिंटरचं आयसीसी प्रोफाइल (रंग कसे उमटतील हे सांगणारी फाइल) घालून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे पडद्यावरच छपाईचा अंदाज, बघावं. मॅटसाठी सावल्या थोड्या वर उचलाव्या लागतात, नाहीतर वडाच्या बुंध्यातला सगळा तपशील एका डागात बसतो. सुती कागदाला बारीक लव असते. छापण्याआधी मऊ ब्रशनं ताव झाडला नाही तर शाई त्या कुसळावर बसते, कुसळ नंतर गळतं, आणि आभाळात पांढरा ठिपका उरतो. तो दोष फाइलचा नाही, म्हणून फाइलमध्ये शोधून सापडत नाही.

पावसाळ्यातली खरी अडचण ताव वळण्याची. कागदाची लेपाची बाजू आणि उघडी सुती बाजू ओल सारख्या वेगानं ओढत नाहीत. ताव कमानीसारखा उठतो, प्रिंटरचं हेड कडेला घासतं आणि काळा फराटा येतो. हेड वर घेण्याची सोय बहुतेक मोठ्या प्रिंटरांत असते. पण मुळात खोली ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेवर ठेवणं हाच उपाय. छोटा डिजिटल हायग्रोमीटर भिंतीवर लावा. जुलैत खिडकी उघडी ठेवली तर तो ९० दाखवेल, एसी किंवा डिह्युमिडिफायर चालू केल्यावर काही तासांत उतरेल. कागदाचं पाकीट त्याच खोलीत आदल्या दिवशी आणून ठेवावं आणि लागतील तेवढेच ताव काढून उरलेले लगेच बंद करावेत.

प्रिंट मुंबईहून किंवा बेंगळुरूहून छापून मागवणारेही गोव्यात आहेत. प्रिंट गुंडाळून ज्या नळीत येते तिचा व्यास त्यांनी आधी विचारावा. १० सेंटिमीटरपेक्षा अरुंद नळीतून आलेला ३०८ ग्रॅमचा कागद सरळ व्हायला मागत नाही. नळी घरी आल्यावर एसीच्या थंड खोलीतून बाहेरच्या दमट हवेत, किंवा उलट, नेऊन लगेच उघडू नका. दोन तास बंदच राहू द्या. मग प्रिंट ग्लासाइन या गुळगुळीत, पातळ कागदावर पालथी ठेवून वर सपाट फळी आणि वजन, एक दिवस. ग्लासाइन नसेल तर स्वच्छ बटर पेपर चालतो, वर्तमानपत्र कधीच नाही. मॅटच्या पृष्ठभागावर नखाचा साधा ओरखडासुद्धा चकाकत्या रेषेसारखा दिसतो आणि तो पुसून जात नाही, म्हणून सुती हातमोजे.

आता फ्रेम. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या फ्रेमवाल्यांचं मुख्य काम देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि शाळेची प्रमाणपत्रं. हात सफाईचा असतो, कोपरे चोख जुळतात, वेळ पाळतात. पण पद्धत तसबिरीची: काच, तिला थेट चिकटलेलं चित्र, मागे तपकिरी हार्डबोर्ड, बारीक लोखंडी पिना, वर चिकटपट्टी. चांगल्या कागदावरचं चित्र या पद्धतीनं बसवणं म्हणजे नवी होडी वाळवी लागलेल्या तराफ्याला बांधणं. काचेला टेकलेली प्रिंट दमट हवेत काचेला चिकटते, सोडवायला गेलं की शाईचा थर काचेवर राहतो. हार्डबोर्डातलं आम्ल कागदात उतरतं आणि काही वर्षांत कडेनं चहाच्या डागासारखी पट्टी दिसू लागते. पिना गंजतात.

म्हणून फ्रेमवाल्याला तोंडी सांगून भागत नाही, मापं लिहून द्यावीत. उदाहरणादाखल ए-थ्री-प्लस तावावर, म्हणजे ३२९ बाय ४८३ मिलिमीटरवर, आडवं २८० बाय ४२० चं चित्र घ्या. माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याची, खिडकी २९० बाय ४३०, म्हणजे चारही बाजूंनी ५ मिलिमीटर पांढरा कागद दिसतो. माउंटची रुंदी वर आणि दोन्ही बाजूंना ७०, खाली ८०. एकूण माउंट ५७० बाय ४४०. फ्रेमची आतली खाच याहून ३ मिलिमीटर मोठी हवी, कारण पावसात माउंट फुगतो आणि जागा नसली की पोट काढतो. माउंटबोर्ड आम्लमुक्त, निदान दीड मिलिमीटर जाड. तेवढ्या जाडीनंच चित्र आणि काच यांच्यात हवा राहते.

चित्र माउंटला धरायचं कसं, यावर पुस्तकी उत्तर आहे: जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीनं, फक्त वरच्या कडेला. थंड कोरड्या मुलखात ते ठीक. इथे गव्हाची खळ म्हणजे कसरीला आणि बुरशीला जेवणाचं आमंत्रण. त्यापेक्षा चार कोपऱ्यांना आम्लमुक्त कागदाचे किंवा पॉलिएस्टरचे खिसे करावेत, प्रत्येक खिशात १ मिलिमीटरची ढील ठेवावी. माउंटखाली चारही बाजूंनी निदान १९ मिलिमीटर कागद जातो, त्यामुळे खिसे दिसत नाहीत. दुहेरी चिकटपट्टी, फेव्हिकॉल किंवा स्प्रेनं संपूर्ण चित्र चिकटवून घेऊ नये. कागद फुगायला निघतो, चिकटवलेली जागा हलू देत नाही, आणि मधे लाटा उठतात. पहिल्या पावसातच दिसतं.

पाठीसाठी सर्वांत चांगली वस्तू फ्रेमच्या दुकानात नाही, दुकानांचे फलक बनवणाऱ्यांकडे मिळते: ३ मिलिमीटरचं एसीपी. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम, मधे प्लास्टिक, ओल आरपार जात नाही. फलकवाल्यांकडे तुकडे उरलेले असतात, मापात कापून देतात. रचना अशी: काच, माउंट, चित्र, मागे आणखी एक आम्लमुक्त बोर्ड, मग एसीपी. काचेच्या कडेपासून एसीपीच्या पाठीपर्यंत चारही बाजू ॲल्युमिनियम टेपनं बंद करायच्या आणि तो सगळा गठ्ठा फ्रेममध्ये बसवायचा. टेपची घडी काचेवर २ ते ३ मिलिमीटरच यावी, म्हणजे पट्टीच्या ओठाखाली लपते.

मात्र हे सीलबंद करणं दुधारी आहे. चित्र आणि बोर्ड आदल्या दिवसापासून कोरड्या खोलीत नसतील तर आतली ओल आतच अडकते. रात्री भिंत थंड पडली की काचेच्या आतून धुकं धरतं आणि महिन्याभरात बुरशीचे करडे ठिपके. श्रावणात उघड्या दुकानात सील केलेली फ्रेम सील न केलेल्या फ्रेमहून वाईट. फ्रेमवाल्याकडे एसी नसेल, आणि बहुधा नसतो, तर त्याच्याकडून फक्त रिकामी चौकट, कापलेली काच आणि खिडकी कापलेला माउंट घ्यावा. बांधणी घरी करावी. एका फ्रेमला अर्धा तास लागतो. नवी छापलेली प्रिंट निदान २४ तास मोकळी सुकल्याशिवाय काचेमागे घालू नये, हेही त्यात आलंच.

चौकट लाकडी हवी असेल तर सागवान. स्वस्त पाइनला रंग देऊन सागवान म्हणून खपवतात. पट्टीची कापलेली बाजू बघितली की कळतं, रंग आत गेलेला नसतो. सिंथेटिक पट्टीला वाळवी लागत नाही पण कोपरे उघडतात. ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियम सगळ्यांत निर्धास्त. कळंगूट-कोलव्यासारख्या किनाऱ्याजवळच्या घरांत लोखंडी तार वापरू नका, खारं वारं तिला खातं. नायलॉनची दोरी किंवा स्टेनलेस तार, पितळी स्क्रू.

काचेचा मुद्दा राहिला, आणि इथे या कागदाच्या चाहत्यांशी मतभेद आहे. चमक नको म्हणून मॅट कागद घ्यायचा आणि त्यावर साधी दोन मिलिमीटरची काच बसवायची, यात काय मिळवलं? समोर खिडकी असेल तर खिडकीच दिसते. अँटी-रिफ्लेक्टिव्ह काच परवडत असेल तर हा कागद खुलतो. परवडत नसेल तर डिसेंबरातल्या आठ-दहा दिवसांच्या प्रदर्शनात काच न घालता लावणं बरं, पण मग माशांचे ठिपके, पाली आणि हात लावून बघणारी मंडळी यांची तयारी ठेवावी. ॲक्रिलिक हलकं आणि न फुटणारं, म्हणून बोटीतून दिवाडीला न्यायला बरं. पण ते सहज ओरखडतं आणि मोठ्या आकारात दमट बाजूकडे वाकतं.

लावण्याची जागा. पणजीच्या फोंतान्यांतली, मडगावातली जुनी घरं चिऱ्याची, वर चुन्याचा गिलावा. खिळा ठोकला की गिलाव्याचा खपला निघतो. अशा भिंतीवर छताखाली पट्टी असेल तर तिथून दोऱ्या सोडाव्यात. कांपालच्या कला अकादमीसारख्या किंवा आल्तिनोवरच्या सुनापरान्तसारख्या ठिकाणी लावण्याआधी भिंतीचे नियम विचारून घ्यावेत. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर. ४४ सेंटिमीटर उंचीच्या फ्रेमला अर्धी उंची २२, आणि तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ६ खाली येत असेल, तर खिळा १५० अधिक २२ उणे ६, म्हणजे १६६ वर. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागे रबराचे ५ मिलिमीटरचे ठोकळे लावावेत, भिंत आणि पाठ यांच्यात वारा खेळतो. फेल्टचे तुकडे लावू नयेत, ते पाणी पितात आणि भिंतीवर गोल डाग सोडतात.

वेळापत्रकाचंही एक आहे. इफ्फी हा चित्रपट महोत्सव नोव्हेंबरात, सेरेंडिपिटी हा कला महोत्सव डिसेंबरात. त्या गर्दीत प्रदर्शन लावायचं म्हणून फ्रेमा सांगितल्या जातात चवथीच्या आसपास. तेव्हा हवा ओली असते आणि फ्रेमवाल्यांकडे देवांच्या तसबिरींची रांग असते, नंतर दुकानं काही दिवस बंद. चौकट, काच आणि एसीपी मे महिन्यातच कापून ठेवावं, छपाई आणि बांधणी दिवाळीनंतर. हाच कागद घेऊन जूनमध्ये फ्रेम करायचीच असेल, तर एसीची खोली नाही म्हणणाऱ्याला तो विकत घेऊ नकोस असं सरळ सांगावं; साधा रेझिन कोटेड, म्हणजे प्लास्टिकचा लेप असलेला, कागद त्याला जास्त साथ देईल.

लागलेल्या फ्रेमा दरवर्षी ऑक्टोबरात एकदा भिंतीवरून उतरवून उलटून बघाव्यात. टेपची खालची कड आधी सुटते. सुटलेली दिसली तर वरून नवी टेप मारू नका. गठ्ठा उघडा, दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग बंद करा.