पुरानंतर आजारांचा घरोघर सर्व्हे: वही घ्यावी की मोबाईल ॲप?

पावसाळ्याआधी आपल्या गटासाठी हे ठरवायला बसला असाल तर दोन्ही वापरलेल्या माणसाचा अनुभव सांगतो. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, त्यानंतर आम्ही नदीकाठच्या एका वस्तीत आशाताईंसोबत वही घेऊन फिरलो. पुढच्या एका पावसाळ्यात दुसऱ्या गावात तेच काम मोबाईलवर केलं.

ॲपचं जे चांगलं ते आधी सांगतो, नाहीतर अन्याय होईल. कोबो किंवा ओडीके यांसारखं सर्व्हेचं ॲप असेल तर नेट नसलं तरी फॉर्म भरता येतो, रेंज आली की पाठवायचा. वहीवाल्या वर्षी रोज रात्री गोषवारा काढायला बसायचो, ताप किती जुलाब किती, आणि दोघांची बेरीज कधी एक यायची नाही, तोवर अकरा वाजलेले. ॲपवर ते आपोआप होतं, शिवाय जुलाबाची घरं नकाशावर एकाच विहिरीभोवती दिसली की पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कुठे आधी टाकायची ते तिथल्या तिथे कळतं. वही भिजते, अक्षर लागत नाही, हे काय नवीन नाही.

पण माझं मन फिरलं ते कुलूप लागलेल्या घरांवरून.

आम्हाला फॉर्म वरून तयार आला होता, त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, मोबाईल नंबर सगळं कंपल्सरी, भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आता ज्याच्या घरात कमरेएवढं पाणी होतं तो कशाला घरी थांबेल? शेजारची आजी सांगायची, "त्या मामाना गावले गयात, कव्हय येतीन काय माहीत." हे ॲपमध्ये टाकायला जागाच नाही. मग कुणी नंबरच्या जागी दहा वेळा नऊ दाबलं आणि बाकीच्यांनी ती घरं सोडून दिली. संध्याकाळी रिपोर्टमध्ये गल्ली पूर्ण झालेली दिसायची आणि ज्या घरांना सगळ्यात जास्त फटका बसला तीच गायब. मला ते फार लागलं.

वहीत असं होत नाही. पल्स पोलिओत दारावर खडूने पी आणि एक्स करतात ना, तसंच आम्ही बंद घराला एक्स करायचो आणि वहीत त्याची ओळ मोकळी ठेवून बाजूला लिहायचो, "मामाकडे, लहान पोराला जुलाब होते, शेजारी सांगतात." परत गेलो की तीच ओळ भरायची. पटकी (कॉलरा) झालीच तर काही तासांपासून पाच दिवसांत कळते, पण हिपॅटायटिस ए ची कावीळ 15 ते 50 दिवसांनी दिसते, म्हणजे जे कुटुंब ते पाणी पिऊन गाव सोडून गेलं त्यांच्यातला पेशंट महिन्याने दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात निघणार. तुमच्याकडे त्यांची ओळच नसेल तर तुम्ही विचारणार कुणाला?

हा दोष ॲपचा कमी आणि फॉर्म बनवणाऱ्याचा जास्त, हे मी मान्य करतो. तुमच्यात कुणाला फॉर्म बनवता येत असेल तर "घर बंद" हा पर्याय पहिलाच ठेवा, तो दाबला की बाकी कंपल्सरी काही नको, फक्त शेजाऱ्याने काय सांगितलं ते लिहायला एक मोकळा रकाना. असं जमत असेल तर ॲप घ्या, मी अडवणार नाही. फॉर्म तयार येणार असेल आणि बदलता येणार नसेल तर निदान पहिले आठ दिवस तरी मी वहीच धरेन, नंतर एकाने बसून ती मोबाईलवर चढवावी.

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची घ्या, पेन बॉलपेनच, शाईचं नको. आणि खडू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, ओल्या दारावर तो उठत नाही म्हणून आम्ही नंतर गेरू वापरला.