नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं यंत्र-रांगोळी प्रदर्शन: काय बघावं, काय घेऊ नये

चैत्राच्या निमित्ताने भरलेल्या या प्रदर्शनात शिरलात की आधी श्रीयंत्रांची, म्हणजे देवीच्या पूजेतल्या रेखाकृतींची भिंत गाठा. पूजाविधीतलं चिन्ह उचलायचं आणि ते काढायची रीत सोडून द्यायची, म्हणजे हाती नुसती नक्षी उरते. इथे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी टांगलेत.

श्रीयंत्रात ९ मोठे त्रिकोण असतात, ४ ऊर्ध्वमुखी आणि ५ अधोमुखी. ते एकमेकांना छेदून ४३ लहान त्रिकोण होतात: बाहेरून आत १४, १०, १०, ८ आणि मधला १. त्याभोवती आठ आणि सोळा पाकळ्यांची कमळं, अष्टदल आणि षोडशदल, आणि चार दारांचं भूपुर, म्हणजे बाहेरची चौकट. सगळी कसरत मर्मस्थानांची. तिथे तीन रेषा एकाच बिंदूत मिळाव्या लागतात. एखादी आडवी रेघ केसभर वर सरकली तर मर्म फुटतं आणि त्या जागी एक बारीकसा आगंतुक त्रिकोण उगवतो. तो झाकायला शेजारची रेघ हलवली की पुढचं मर्म बिघडतं. भिंतीवरचा सगळ्यात मोठा कॅनव्हास असाच फसलाय. सोनेरी रेघ बोटभर जाड घेतलीय, म्हणून लांबून सगळं जुळल्यासारखं वाटतं. हातभर अंतरावर उभं राहून सांधे बघा, म्हणजे कळेल. उलट कोपऱ्यातलं पितळी पत्र्यावर कोरलेलं वीतभर यंत्र अगदी चोख आहे. बारीक रेघेला लपायला जागाच नसते.

आतल्या दालनातलं चैत्रांगण मात्र चुकवू नका. चैत्रगौरीच्या महिन्यात अंगणात काढतात तसं, मखरातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, गोपद्मं, कासव, नाग, तुळशीवृंदावन, हत्ती सगळं जिथल्या तिथे. गुळगुळीत टाइल्सवर रांगोळी घसरते, रेघ पसरते. म्हणून इथे खाली प्लाय टाकून त्यावर गेरूचा हात दिलाय. खडबडीत पृष्ठभागावर दगडी भुकटी धरून राहते. रेघ चिमटीतून सोडलेली आहे, ती वळणावर जराशी जाड होते, सरळ जाताना बारीक. शेजारी त्याच चिन्हांचा फ्लेक्सवर छापलेला मोठा फलक का लावलाय, ते लावणाऱ्यालाच ठाऊक.

दुखणं आहे ते साहित्याचं. हळदीत रंगवलेली कागदावरची मंडलं थेट स्पॉटलाइटखाली आहेत. हळदीचा पिवळा उजेडात टिकत नाही, तो विटतोच. अशा नाजूक कामांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त प्रकाश असू नये. शिवाय कागद अल्कलीयुक्त असेल तर हळद तांबूस होते. चुना घातल्यावर हळदीचं कुंकू होतं, त्यातलीच ही गत. दोन मंडलांच्या कडा आताच लालसर दिसतात. भरीला समोर वाळ्याचा कूलर. एप्रिलच्या नागपुरात माणसाला तो हवाच, पण त्याची ओल कागद पिऊन घेतो आणि काचेआड लाटा उठतात. शेंदराचं काम काचेशिवाय ठेवलंय, तेही बरं नाही. अस्सल शेंदूर शिशाचा असतो. लहान मुलांना हात लावू देऊ नका.

काळ्या बिंदूंच्या चित्रांची एक अख्खी रांग आहे. बिंदूच्या चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार सैयद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, त्यामुळे या शहराला बिंदूचं प्रेम असणारच. पण रझांचा बिंदू भोवतीच्या रंगांच्या पट्ट्यांना ओढून धरतो. इथले बिंदू नुसते मध्यभागी बसलेत.

मारबतीच्या पुतळ्यावरची मांडणी कल्पनेने उत्तम: बांबूची कामटी, कागद, चिंध्या, तोंड पिवळं. पण मारबत मिरवायची, इडापिडा घेऊन जा म्हणून ओरडायचं आणि जाळायची असते. दोरी बांधून ‘स्पर्श करू नये’ अशी पाटी लावलेली मारबत बघवत नाही. निदान मिरवणुकीची ध्वनिफीत तरी लावायची!

धम्मचक्राच्या छायाचित्राखाली ‘अष्टांगिक मार्ग’ लिहिलंय आणि चक्राला आरे २४. आठ आऱ्यांचं चक्र अष्टांगिक मार्गाचं. २४ आरे अशोकचक्राला. दीक्षाभूमीच्या गावात ही पाटी पहिल्याच दिवशी बदलायला हवी होती.

विकत घ्यायचं असेल तर हळदीचं काम दिवाणखान्यासाठी नको. घेतलंच तर अतिनील किरण अडवणाऱ्या काचेत मढवा, काच आणि कागद यांच्यात माउंटचं, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं अंतर ठेवा आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात ती ओल धरते. सोनेरी कॅनव्हास सोडून द्या. पितळी यंत्राचे पैसे वसूल होतात. फक्त राखेने घासू नका, कोरलेली रेघ बोथट होते. मऊ फडकं पुरे.