बोअरच्या पाण्याची अल्फा-बीटा टेस्ट: सॅम्पलिंग चोख, रिपोर्ट अर्धवट

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत पाणी तपासणाऱ्या खासगी लॅब बऱ्याच आहेत. त्यातल्या काहींनी नेहमीच्या केमिकल आणि बॅक्टेरियाच्या पॅकेजला आता ‘रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी’ची पुरवणी जोडली आहे. हा रिव्ह्यू अशाच एका लॅबचा. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली काढलेल्या खोड्या एकट्या तिच्याच म्हणता येणार नाहीत. सॅम्पल होतं घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या बाजूला असलेल्या एका सोसायटीच्या बोअरचं.

आधी मोजायचं काय ते. अल्फा आणि बीटा हे किरणोत्सारी अणू फुटताना बाहेर पडणारे कण, आणि बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात अल्फाची मर्यादा लिटरला 0.1 बेकरेल आणि बीटाची 1 बेकरेल आहे. 0.1 बेकरेल म्हणजे एक लिटर पाण्यातून सरासरी दर दहा सेकंदांना एक अल्फा कण. ऑनलाइन मागवलेला गायगर मीटर ग्लासला टेकवून ‘पाणी स्वच्छ’ म्हणणारे व्हिडिओ त्यामुळे बघायचेही कष्ट घेऊ नका. अल्फा कण काच सोडाच, कागदाएवढ्या जाड पाण्यातूनही बाहेर येत नाही.

सॅम्पलिंगला पूर्ण मार्क. आलेल्या मुलाने टाकीचा नळ नाकारला आणि पंपाच्या डिलिव्हरी लाइनवरचा कॉक मागितला. पंप चालू ठेवून कंडक्टिव्हिटी मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत पाणी सोडून दिलं. पाइपात साचलेलं पाणी निघून जमिनीतलं ताजं पाणी आलं, याची हीच खूण. दोन लिटरचा नवा एचडीपीई कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळला, भरला आणि मगच लिटरला साधारण 1 मिली या हिशेबाने नायट्रिक अ‍ॅसिड घातलं; पट्टीवर पीएच 2 च्या खाली उतरलेला दाखवला. हा क्रम महत्त्वाचा. बऱ्याच ठिकाणी कॅन अ‍ॅसिड घालूनच पाठवतात, आणि घेणारा सवयीने तो विसळून अ‍ॅसिड गटारात ओततो. अ‍ॅसिड नसेल तर रेडियम, पोलोनियम, युरेनियम प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून बसतात आणि रिपोर्ट छान कमी येतो. पाणी गढूळ असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर आधी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग अ‍ॅसिड घालायचं. नाहीतर गाळातली खनिजंच विरघळतात आणि आकडा फुगतो. पीएच आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) यांसाठी बिनअ‍ॅसिडची वेगळी बाटली घेतली, हेही बरोबर.

रिपोर्टला आठवडा लागेल असं सांगितलं, तेही रास्त. पाणी आटवून स्टीलच्या थाळीवर, म्हणजे प्लँचेटवर, क्षारांचा पातळ थर बसवायचा आणि मोजण्याआधी साधारण 72 तास थांबायचं, म्हणजे रेडॉन वायूपासून तयार झालेली अल्पायुषी अपत्यं (किरणोत्सारी मूलद्रव्यं) संपून जातात. ‘48 तासांत रिपोर्ट’ अशी जाहिरात असेल तर हे थांबणं बहुधा गाळलेलं आहे.

घोळ झाला तो मोजणीच्या खोलीत. बोअरचा टीडीएस लिटरला 3400 मिलिग्रॅम. दोन इंची प्लँचेटवर अल्फासाठी साधारण 100 मिलिग्रॅमच्या वर थर चालत नाही, कारण जाड थर आपलेच अल्फा कण गिळतो. म्हणजे या पाण्याचे जेमतेम 30 मिली वापरता येतात. काउंटरची पार्श्वभूमी (सॅम्पल नसतानाही होणारी मोजणी) मिनिटाला 0.1 काउंट, एवढ्या थराला कार्यक्षमता (सुटलेल्या कणांपैकी मोजले जाणारे) 12 टक्के आणि मोजणी 100 मिनिटांची धरली, तर सापडू शकणारी किमान पातळी येते लिटरला सुमारे 0.8 बेकरेल. मर्यादा आहे 0.1. मोजणी 1000 मिनिटं, म्हणजे रात्रभर, केली तरी पातळी 0.23 पर्यंतच उतरते. हिशेब अवघड नाही: पार्श्वभूमीच्या एकूण काउंटचं वर्गमूळ गुणिले 4.65, अधिक 2.71, त्याला कार्यक्षमता, सेकंद आणि लिटर यांनी भागायचं.

रिपोर्टवर छापलेलं काय? ‘अल्फा: बीडीएल’, म्हणजे मोजता येणाऱ्या किमान पातळीच्या खाली. ती पातळी, म्हणजे डिटेक्शन लिमिट, किती, याचा उल्लेख नाही. बीडीएलचा शिक्का 0.03 च्या खालीही बसतो आणि 0.8 च्या खालीही. दुसऱ्या परिस्थितीत मर्यादेच्या सातपट अल्फा असला तरी कागद स्वच्छच दिसेल. विचारल्यावर मोजणी 100 मिनिटांची होती एवढंच कळलं. वर काउंटरची कार्यक्षमता पातळ अमेरिशियम-241 सोर्सवर काढलेली, 35 टक्के. ती जाड थराला लावली की खरा आकडा तिपटीने कमी दिसतो. वेगवेगळ्या वजनाचे क्षार घेऊन कार्यक्षमतेचा ग्राफ काढणं हे या कामातलं बालवाडीचं पाऊल आहे, आणि तेच इथे नव्हतं.

खाऱ्या पाण्यासाठी आटवण्याची पद्धतच चुकीची. तिथे बेरियम सल्फेट आणि आयर्न हायड्रॉक्साइडबरोबर अल्फा देणारी मूलद्रव्यं साका करून खाली बसवायची पद्धत असते. क्षार पाण्यातच राहतात आणि जास्त पाणी वापरता येतं. आटवायचंच असेल तर क्लोराइडने प्लँचेट गंजते, म्हणून नायट्रिक अ‍ॅसिड पुन्हा पुन्हा घालून क्षार नायट्रेटमध्ये बदलावे लागतात. नायट्रेट मग हवेतला ओलावा ओढतात. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत डेसिकेटरमधून काढलेली थाळी तराजूवर ठेवल्या ठेवल्या जड होत जाते. थाळी शेवटी लालसर होईपर्यंत तापवून घेतली की हा त्रास बराच आटोक्यात येतो.

बीटाचा किस्सा वेगळाच. आकडा 1.2 बेकरेल, शेजारी लाल अक्षरात ‘मर्यादेबाहेर’. कमिटीच्या ग्रुपवर लगेच ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचं नाव निघालं. त्याच रिपोर्टच्या पहिल्या पानावर पोटॅशियम लिटरला 36 मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये निसर्गतःच पोटॅशियम-40 चा 27.9 बेकरेल बीटा असतो. 36 मिलिग्रॅमचा झाला 1.0. वजा केल्यावर उरले 0.2. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम लिटरला 400 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेव्हा बोअरमध्ये दहाएक टक्के खाडीचं पाणी शिरलं तरी बीटा मर्यादेला टेकतो. शिवाय शरीर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकून देतं, त्यामुळे हा भाग वजा करूनच निर्णय घ्यायचा असतो. हे पाणी पिऊ नयेच, पण ते खारटपणामुळे. एक वजाबाकी न करता लाल शाई वापरणं या सेवेतली सर्वात वाईट गोष्ट.

‘रेडॉन’ म्हणून वेगळे पैसे मागितले आणि सॅम्पल त्याच कॅनमधून घेणार होते. नको म्हणा. रेडॉन वायू आहे. त्यासाठी काचेची बाटली बुडबुडा न ठेवता भरावी लागते, आणि अर्धायुष्य 3.8 दिवसांचं असल्याने लगेच मोजावी लागते. ट्रिशियमही (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) या टेस्टमध्ये सापडत नाही, ते वाफेबरोबर निघून जातं. त्याला लिक्विड सिंटिलेशन काउंटर आणि बिनअ‍ॅसिडचं सॅम्पल हवं. अणुभट्टीची शंका मनात असेल तर ट्रिशियम आणि गॅमा स्पेक्ट्रोमेट्री मागा. नुसत्या अल्फा-बीटाने ती शंका फिटत नाही.

एकूण पाचपैकी अडीच, तेही बहुतेक सॅम्पलिंगवाल्या मुलाचे. ऑर्डर देण्याआधी लॅबच्या एनएबीएल स्कोपमध्ये, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने मंजूर केलेल्या टेस्टच्या यादीत, आयएस 14194 (अल्फा-बीटा मोजणीचं मानक) चे दोन्ही भाग आहेत का ते पाहा. स्कोप एनएबीएलच्या साइटवर सगळ्यांना पाहता येतो. टेस्ट बाहेर पाठवणार असतील तर रिपोर्टवर तसं लिहायला लावा. वर्क ऑर्डरवर टीडीएस टाकून अल्फाची डिटेक्शन लिमिट 0.05 किंवा कमी हवी, मोजणीची मिनिटं आणि वापरलेले मिली छापावेत, असं लिहून घ्या. ‘एवढं कोणी मागत नाही’ म्हणाले तर दुसरी लॅब.

फक्त महापालिकेचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांनी ही पुरवणी घ्यायची गरज नाही. मोरबे धरण काय, बारवी धरण काय, पावसाचं साठवलेलं पाणी, आणि सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम मुळातच कमी. बोअर किंवा टँकर असेल तर आधी युरेनियमची स्वतंत्र टेस्ट आयसीपी-एमएस या यंत्रावर करून घ्या, मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम. तीही नायट्रिक घातलेल्या सॅम्पलवर होते, म्हणजे त्याच कॅनमधलं उरलेलं पाणी चालतं. फक्त ते फेकू नका असं आधी सांगून ठेवा.