९९ नावांचा मराठी तक्ता: श्रीवर्धनच्या बाजारातली एक खरेदी

श्रीवर्धनच्या बाजारपेठेत अत्तरे, टोप्या, जानमाज (नमाजाची चटई) आणि तसबीह (जपमाळ) विकणारे एक जुने दुकान आहे, आणि तेथे अल्लाहच्या ९९ नावांचा, म्हणजे अस्मा-उल-हुस्नाचा, मराठी अर्थासह छापलेला तक्ता मिळतो. उर्दू किंवा इंग्रजी अर्थ दिलेले तक्ते कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांच्या भिंतींवर असतात. परंतु ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि ज्यांची अरबी अक्षरांशी ओळख तिलावतीपुरतीच, म्हणजे कुरआन पठणापुरतीच, राहिली, त्यांना मुलाबाळांना अर्थ सांगण्याजोगे काही सहसा हाती लागत नाही. ती गरज हा तक्ता बऱ्याच अंशी भागवतो. फ्रेमसह किंमत साडेचारशे रुपये असून सोबत एक लहान पुस्तिका दिली जाते. माझ्या मते खरे मोल त्या पुस्तिकेचेच आहे.

नऊ स्तंभ आणि अकरा ओळी अशी मांडणी असून प्रत्येक चौकोनात वर अरबी सुलेखन, त्याखाली देवनागरी उच्चार आणि सर्वांत खाली मराठी अर्थ आहे. क्रम अरबीप्रमाणे उजवीकडून सुरू होतो, ही गोष्ट मात्र तक्त्यावर कोठेही लिहिलेली नाही. त्यामुळे मराठी वाचणारे मूल सवयीने डावीकडून सुरुवात करते आणि ‘अर्-रहमान’ऐवजी त्याच्या तोंडी पहिले नाव ‘अल्-जब्बार’ येते. कोपऱ्यात एक लहानसा बाण छापला असता तरी पुरे झाले असते.

या मांडणीचा एक अनपेक्षित लाभही आहे. चौथी ओळ उजवीकडून वाचत गेल्यास निवाडा करणारा अल्-हकम, न्यायी अल्-अद्‌ल, सूक्ष्मदर्शी अल्-लतीफ आणि सर्व खबर असणारा अल्-खबीर ही नावे येतात, आणि त्यांच्यानंतर बरोबर मधल्या चौकोनात बत्तिसावे नाव अल्-हलीम येते: शिक्षा देण्याचे पूर्ण सामर्थ्य असूनही घाई न करणारा. पुढे एक चौकोन सोडून क्षमाशील अल्-गफूर आहे. ज्याला सगळे ठाऊक आहे, ज्याचा न्याय चुकत नाही आणि ज्याला कोणी अडवू शकत नाही, त्याने थांबणे म्हणजे हिल्म, हे पुस्तिकेत दोन पाने भरून सांगितले आहे. तक्त्याची ही एक ओळ समोर ठेवली की ते मुलांनाही चटकन उमगते. अज्ञानामुळे किंवा दुबळेपणामुळे गप्प बसणाऱ्याला कोणी हलीम म्हणत नाही.

पुस्तिकेतला याच विषयावरचा भाग मला सर्वांत भावला, आणि त्याचे कारण आमच्या किनाऱ्यावरच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. ज्या झाडाला फळ धरायलाच पाच-सात वर्षे लागतात, ते एका दुपारीत मुळासकट उपटले गेले, आणि पत्रे उडालेल्या घरांतल्या माणसांना ‘हा आपल्याच गुनाहांचा अजाब’, म्हणजे पापांची शिक्षा, असे ऐकवणारेही भेटले. पुस्तिका वादळाचा उल्लेख करीत नाही, परंतु कुरआनातल्या सूरह (अध्याय) फातिरची पंचेचाळिसावी आयत (वचन) देते: लोकांच्या कर्मांसाठी अल्लाहने त्यांना लगेच पकडायचे ठरवले असते, तर पृथ्वीच्या पाठीवर एकही जीव उरला नसता, पण तो ठरलेल्या मुदतीपर्यंत त्यांना सवलत देतो. त्याच सूरहमध्ये चारच आयती आधी, आकाश आणि पृथ्वी ढळू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणाऱ्याला ‘हलीम’ आणि ‘गफूर’ म्हटले आहे. ज्याचा पाढा वाचून शेजाऱ्याला पापी ठरवायचे, त्याच ग्रंथात असे लिहिलेले असताना वाडी गमावलेल्या माणसाला अजाब ऐकवण्याची घाई आपल्याला का व्हावी, हे मला आजवर कळलेले नाही.

शेवटच्या चौकोनातले, म्हणजे खाली डाव्या कोपऱ्यातले, नाव अस्-सबूर, म्हणजे अतिशय सब्र (धीर) धरणारा. हे नाव कुरआनात अल्लाहसाठी आलेले नाही आणि ९९ नावांची यादी इमाम तिरमिजी यांच्या हदीस-संग्रहातल्या (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातल्या) एका रिवायतीतून, म्हणजे कथनातून, प्रचलित झाली, हे पुस्तिका प्रामाणिकपणे सांगते. इमाम बुखारी आणि इमाम मुस्लिम यांच्या हदीस-संग्रहांत नव्याण्णव, म्हणजे ‘शंभरात एक कमी’, ही संख्या आहे, मात्र नावांची ही यादी नाही. ती रावींनी, म्हणजे हदीस पुढे सांगणाऱ्यांनी, नंतर जोडली असावी असे अनेक हदीस-पंडितांचे मत आहे. स्वस्त पुस्तिकांमध्ये इतकी काळजी क्वचितच घेतलेली आढळते. अल्लाहच्या सब्राचा आधार म्हणून हजरत अबू मूसा अशअरी यांची हदीस दिली आहे: दुखावणारे बोल ऐकून अल्लाहपेक्षा अधिक सब्र करणारा कोणी नाही, लोक त्याला संतान असल्याचे सांगतात, तरी तो त्यांना आरोग्य आणि रोजी देतच राहतो. इस्लामी विद्वान इमाम गजाली (मृत्यू ११११) यांचे स्पष्टीकरणही थोडक्यात आले आहे. माणसाचा सब्र म्हणजे वासना आणि राग यांच्याशी चाललेली झुंज असते. अल्लाहच्या ठायी अशी झुंज नाही, तो कोणतेही काम त्याच्या वेळेआधी घाईने करत नाही आणि वेळ टळूही देत नाही. हा परिच्छेद आणखी विस्ताराने हवा होता.

त्याऐवजी मागची पाने कोणते नाव किती वेळा पढल्यास कोणता फायदा होतो याच्या कोष्टकाने भरली आहेत. ‘या सबूर’ २९८ वेळा आणि ‘या हलीम’ ८८ वेळा, हे आकडे अबजद पद्धतीने अक्षरांच्या किमतींची बेरीज करून काढलेले आहेत. त्यांना हदीसचा आधार असल्यासारखे छापणे मला पटत नाही. आधीच्या पानांवर यादीच्या सनदीची (कोणी कोणाकडून ऐकली त्या परंपरेची) चर्चा करणाऱ्याच पुस्तिकेत हे यावे, याचे अधिकच नवल वाटते.

वस्तू म्हणून पाहिल्यास छपाई उत्तम, सोनेरी शाई फिकी पडत नाही. फ्रेम मात्र आमच्या हवेसाठी केलेली नाही. मागची पाठ पुठ्ठ्याची असल्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात ती फुगली आणि काचेच्या खालच्या कडेला बुरशीचे ठिपके दिसू लागले. समुद्राकडच्या भिंतीवर तर ती लावूच नये. फ्रेमशिवाय लॅमिनेट केलेला तक्ता दोनशे रुपयांना मिळतो. तोच घ्यावा, गावातल्या सुताराकडून ॲल्युमिनियमची चौकट करून घ्यावी आणि भिंतीपासून बोटभर अंतर राहील अशा बेताने टांगावी. दुकानदार चाचा पुस्तिका सुटीही देतात, परंतु ती मागावी लागते, कारण ती काउंटरवर नसून आतल्या कपाटात असते. जुम्म्याच्या दिवशी दुपारी दुकान बंद असते.